ताब्यात आला की काठी खाली

वाचक विचारतात, निवृत्त पोलीस निरीक्षक उत्तरे देतात
(उत्तरे देणारे कोल्हापूर जिल्ह्यात शिपाई म्हणून भरती झाले आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची वर्षे त्यांनी पोलीस प्रशिक्षण केंद्रात नव्या पोरांना शिकवले.)

प्रश्न : माझे मिस्टर पोलीस शिपाई आहेत. मागच्या महिन्यात शिये फाट्याकडे रात्रीच्या नाकाबंदीला एका मोटारीने बॅरिकेड उडवून त्यांच्या अंगावर गाडी घातली. बाजूला उडी घेतली म्हणून वाचले, पण गुडघा फुटला. सोबतच्या साहेबांच्या कमरेला पिस्तूल होते, त्यांनी ते बाहेरही काढले नाही. घरात सगळे म्हणतात, गोळी घालायला पाहिजे होती. पोलिसाला स्वतःचा जीव वाचवायचा हक्क नाही का?
— एक पोलीसपत्नी, कसबा बावडा

उत्तर : वहिनी, आधी गुडघ्याचे बघा. सीपीआर रुग्णालयात दाखवले असेल तर तो केसपेपर जपून ठेवा आणि स्टेशन डायरीला नोंद झाली आहे का ते मिस्टरांना विचारा. आपली पोरं 'एवढ्याला काय व्हतंय' म्हणत नोंद टाळतात आणि दोन वर्षांनी गुडघा धरला की कागद शोधत फिरतात.

आता हक्काचे. हक्क आहे, आणि तो पक्का आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहेत. जुन्या दंडविधानात हीच ९६ ते १०६ होती. यात पोलिसासाठी वेगळे दुकान नाही. तुम्हाला, मला, भाजीवाल्याला जो हक्क तोच खाकीला. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो, हे कलम ३८ सांगते. गाडी अंगावर येत असताना ती भीती खरीच होती, यात वाद नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले आहे की जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक पाऊल मोजूनमापून टाकावे अशी अपेक्षा धरता येत नाही. आपल्यातले बरेच जण इथपर्यंत वाचून थांबतात. त्याच निकालात पुढे आहे की भीती संपली की हक्क संपला, आणि सूड हे स्वसंरक्षण नव्हे.

म्हणून तुमच्या मिस्टरांच्या साहेबांकडे बघताना दोन क्षण वेगळे करा. गाडी समोरून येत होती तो एक. त्या क्षणी गोळी कायद्यात बसली असती, पण कामाची नव्हती. नऊ एमएमची गोळी मोटार थांबवत नाही. ड्रायव्हरला लागलीच तर तीच गाडी बिनड्रायव्हरची होते आणि सरळ आपल्याच माणसांत घुसते. गाडी निघून गेली तो दुसरा क्षण. आता मागून झाडायची कशासाठी? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ म्हणते, अटकेला जोर लावून विरोध केला तर आवश्यक ती सर्व साधने वापरा. पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना मारून टाकायचा अधिकार या कलमाने मिळत नाही. कुणी वकिली करेल की अंगावर गाडी घालणे हा खुनाचा प्रयत्न, आणि त्यात दुखापत झाली तर जन्मठेपेची तरतूद आहे. बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता मागच्या काचेतून आत कोण बसलंय ते दिसते का? पिऊन चालवणाऱ्याच्या मागच्या सीटवर त्याची म्हातारी झोपलेली असू शकते. साहेबांनी नंबर बघितला असेल, बिनतारीवरून पुढच्या पॉइंटला कळवले असेल, तर त्यांनी त्या रात्री जे करायला हवे तेच केले. त्या ड्रायव्हरवर खुनाच्या प्रयत्नाचे आणि सरकारी कामात हल्ला केल्याचे कलम लागले की नाही, ते मात्र जरूर विचारा.

मला जास्त टोचतो तो वेगळा प्रश्न. तुमचे मिस्टर उभे कुठे होते? नाकाबंदीत गाडीच्या रेषेत उभे राहायचे नसते. बॅरिकेड नागमोडी लावायचे, म्हणजे गाडीचा वेग आपोआप मरतो. पहिले बॅरिकेड लांबून दिसेल असे उजेडात ठेवायचे. अंगात चमकणारे जॅकेट पाहिजे. एकाने ड्रायव्हरशी बोलायचे, दुसऱ्याने थोडे मागे थांबून फक्त हात बघायचे. आमच्याकडे होते काय, की माणसे तीन, त्यातला एक चहा आणायला, एक पावती फाडायला आणि उरलेला रस्त्याच्या मधोमध हात करून उभा. बॅटरी स्वतःच्या मोबाइलची. हे लिहिले म्हणून जुने सहकारी रागावतील, रागावू देत.

पिस्तुलाबद्दल आणखी एक. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांत डेनिस ट्युलर नावाचे प्रशिक्षक होते. त्यांनी १९८३ साली मांडले की हातात सुरा घेतलेला माणूस २१ फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि म्यानातले पिस्तूल काढून झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. पुढे लोकांनी याचा अर्थ '२१ फुटांच्या आत आला की घाल गोळी' असा लावला. मी प्रशिक्षण केंद्रात उलटे शिकवत होतो: म्हणून अंतर ठेवा. कोयता घेऊन उभ्या असलेल्या पोराच्या आणि आपल्यामध्ये जीप ठेवा, हातगाडी ठेवा, काहीही ठेवा. मध्ये अडथळा आला की बोलायला वेळ मिळतो, आणि बोलायला वेळ मिळाला की बहुतेक कोयते खाली पडतात.

तुकाराम ओंबळे आपल्या शेजारच्या साताऱ्याचे, केडंबे गावचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या आणि त्याला जिवंत पकडून दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्या फोटोला आम्ही हार घालतो. पण एके ४७ समोर उभ्या राहिलेल्या त्या माणसाजवळ काठीच का होती, हे हार घालताना कोणी विचारत नाही.

प्रश्न : गणपतीच्या मिरवणुकीत पापाची तिकटीजवळ रेटारेटी झाली आणि लाठीमार झाला. आमच्या तालमीतला एक पोरगा दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसला होता, तरी दोघे पोलीस त्याला मारत होते. मित्राकडे व्हिडिओ आहे. पोलिसांनी जमाव हटवायचाच नाही असे माझे म्हणणे नाही, पण हे बरोबर का? आणि व्हिडिओ काढणे गुन्हा आहे का?
— कॉलेज विद्यार्थी, मंगळवार पेठ

उत्तर : बरोबर नाही. यात पण-परंतु काही नाही.

जमाव हटवायचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ चा. बेकायदा जमावाला पांगायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी. तो नसेल तर निदान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. शिपायाने स्वतःच्या मनाने काठी उगारायची नसते. आधी भोंग्यावरून इशारा, मग वेळ, मग वाट. ही वाट महत्त्वाची. महाद्वार रोडला दोन्ही बाजूंना दुकाने, मागून पुढच्या मंडळाची ट्रॉली येतेय. पुढून काठी चालवली तर माणसाने जायचे कुठे? तो जात नाही म्हणून पुन्हा मार खातो. अशा बोळांत अश्रुधूर सोडला तर जमावाच्या आधी वरच्या मजल्यावरची आजी गुदमरते. म्हणून शहाणा अधिकारी आधी एक गल्ली मोकळी करतो आणि मगच पुढे सरकतो.

काठी कमरेखाली, मांडीवर, पिंढरीवर. डोके, मान, सांधे, पोट यांना हात लावायचा नाही, हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात. आणि खाली बसलेला माणूस हा जमाव राहत नाही. तो पांगणार कुठे? त्याला उचलून बाजूला घ्यायचे, अटक करायची असेल तर करायची. ताब्यात आलेल्यावर पडलेला पुढचा फटका म्हणजे निव्वळ मारहाण, आणि खाकी अंगात असली तरी मारहाणीचे कलम तेच लागते. अटक झाली असेल तर वैद्यकीय तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. डॉक्टरांना वळ दाखवा, लिहून घ्या.

एक गोष्ट मात्र ऐकून घे. कोल्हापूरची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मिरजकर तिकटीला सकाळी उभा केलेला पोलीस दुसऱ्या सकाळीही तिथेच असतो; डॉल्बी छातीत धडधडत असतो, जेवण म्हणजे गार पडलेले पाकीट, आणि लघवीला जायचे तर पॉइंट सोडता येत नाही. अशा माणसाच्या हातात काठी देऊन त्याने तारतम्य ठेवावे असे आपण म्हणतो. त्याने ते ठेवायलाच हवे. पण दर आठ तासांनी माणसे बदलली तर त्या पोराच्या पाठीवरचे निम्मे वळ उठलेच नसते, असे मी बंदोबस्ताच्या बैठकीत म्हणायचो. माणसे आणू कुठून, असे उत्तर यायचे.

व्हिडिओ काढणे गुन्हा नाही. पोलीस ठाणे हे सरकारी गुपितांच्या (ऑफिशियल सीक्रेट्स) कायद्यातले निषिद्ध ठिकाण नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितले. मग उघड्या रस्त्याचे काय घेऊन बसलास. कामात आडवे येऊ नका, एवढेच. मूळ फाइल तशीच ठेवा. गाणे लावून स्टेटसला टाकलेला तुकडा पुरावा म्हणून लंगडा पडतो. तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्या. तिथे हालचाल नाही झाली तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे.

प्रश्न : गुन्हेगार पळत असेल किंवा हल्ला करत असेल तर पोलीस पायावर गोळी का मारत नाहीत? चकमकीत प्रत्येक वेळी माणूस मरतोच कसा?
— निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : सर, प्रत्येक वेळी मरत नाही. जानेवारी २०२० मध्ये किणी टोलनाक्यावर राजस्थानातल्या टोळीशी कोल्हापूर पोलिसांची गोळीबारासह चकमक झाली, आणि आरोपी जिवंत हाती लागले. मेलेल्याची बातमी जास्त दिवस चालते, हे खरे.

पायाचे म्हणाल तर धावत्या माणसाचा पाय हे गोळीबारातले सर्वांत अवघड लक्ष्य. धडधडत्या काळजाने, अंधारात, पिस्तुलाने तो टिपणे मैदानावर बक्षीस मिळवणाऱ्यालाही जमेल असे नाही. चुकलेली गोळी रस्त्यावर आपटून कुणाच्या दारात जाईल सांगता येत नाही. शिवाय मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. म्हणून प्रशिक्षणात शिकवतात की धोका जिवाचा असेल तरच गोळी, आणि मग ती धडाच्या मध्यावर. बेकायदा जमावावर गोळी चालवायचा हुकूम झालाच तर नेम खाली धरायचा, ती गोष्ट वेगळी.

पण आपल्या प्रश्नामागचा संशय मी झटकून टाकत नाही. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला तर काय करायचे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच खटल्यात, पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सोळा मुद्द्यांत घालून दिले: गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी करायची, आणि लगेच बढती वा शौर्यपदक द्यायचे नाही. बदलापूर प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्रा बायपासजवळ पोलीस गाडीत मारला गेला. तेव्हा पोलिसांनी स्वसंरक्षणच सांगितले होते. हातापायावर गोळी का नाही, हाच आपला प्रश्न उच्च न्यायालयाने विचारला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने तो दावा मान्य केला नाही. त्या आरोपीवरचा आरोप इतका किळसवाणा होता की लोकांनी पेढे वाटले. मला पेढ्यांची भीती वाटते. गाडीत बसवलेला माणूस ताब्यात असतो. तिथे तो पोलिसाच्या शस्त्राला हात घालू शकतो अशी स्थिती मुळात आली कशी, याचे उत्तर गोळी झाडण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात शोधायचे असते: बेड्या, बसायची जागा, शस्त्र कुठल्या बाजूला. बेड्यांवरून कोर्ट १९८० पासून पोलिसांना झापत आले आहे, पण नव्या संहितेच्या कलम ४३ मध्ये सराईत आणि गंभीर गुन्ह्यांतल्या आरोपींना बेडी घालायची मुभा स्पष्ट दिली आहे. ती मुभा नीट वापरली तर गोळीपर्यंत प्रकरण जातच नाही.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. फुलेवाडी नाक्यावर पोलिसांनी हात केल्यावर लायसन घरी राहिले म्हणून घाबरून त्याने गाडी पळवली. पुढे पकडले, दोन कानाखाली बसल्या. अशा वेळी पोरांनी काय करावे?
— एक पालक, फुलेवाडी

उत्तर : दादा, कानाखाली मारायचा अधिकार त्यांना नव्हता, दंडाचा होता. तक्रार करायची तर करा. पण लायसनपायी गाडी पळवली, आणि नाक्यावरच्या माणसाला ती चोरीची, दारूची की कोयत्यावाल्याची हे कळायला मार्ग नव्हता, हेही पोराला सांगा.

थांबायचे. मोटारसायकल असेल तर इंजिन बंद, हेल्मेट वर. मोटार असेल तर आतला दिवा लावायचा, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. डॅशबोर्ड उघडायचा असेल तर आधी सांगायचे, 'साहेब, कागद काढतो.' रात्री समोरच्या पोलिसाला तुमचे हात दिसले की त्याचा आवाजही खाली येतो. आणि लायसन डिजिलॉकरमध्ये ठेवायला सांगा. ते कायद्याने चालते, नाक्यावर कुणी नाही म्हटले तर पावतीवर तसे लिहून मागायचे.