लिव्हरचे आकडे लाल आले की पुढे काय? समीरची केस

घरी सॅम्पल दिलं, रिपोर्ट मोबाईलवर आला, एसजीपीटीच्या (लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम) पुढे लाल बाण वरच्या दिशेने, डॉक्टरांची अपॉइंटमेंट चार दिवसांनी आणि तोपर्यंत झोप नाही. "माझं लिव्हर खराब झालंय का?" असे मेसेज मला इतके येतात की एकदा नीट लिहूनच टाकते. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, पण तब्येतीची काळजी डोक्यातून जात नाही म्हणून येणारी माणसं रिपोर्टची फाईल घेऊनच येतात, त्यामुळे हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत हे डॉक्टरांना विचारून विचारून मला समजून घ्यावंच लागलं.

समीरची केस सांगते. नाव खोटं आहे, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, त्याला विचारूनच लिहितेय.

वय 38, दारू नाही, सिगारेट नाही. मामा लिव्हर सिरॉसिसने गेले, तेही कधी दारूला न शिवलेले, आणि तेव्हापासून याच्या डोक्यात बसलं की आता माझा नंबर. घरी किट मागवलं, बोटाला टोचून रक्त दिलं, एसजीपीटी आलं 47. त्या लॅबची वरची मर्यादा 40, म्हणजे लाल. झालं, दुसऱ्या दिवसापासून जिम सुरू, सोबत "लिव्हर डिटॉक्स" म्हणून ऑनलाइन घेतलेल्या कॅप्सूल. तीन आठवड्यांनी परत टेस्ट केली तर एसजीपीटी 64 आणि त्याच तपासणीतलं दुसरं एन्झाइम, एसजीओटी, थेट 96! मग आणखी जोरात जिम, आणखी टेस्ट, तिसरी लॅब, चौथी लॅब.

पहिल्याच सेशनला त्याने लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवली. तारखा, लॅबची नावं, आकडे, लाल-पिवळे-हिरवे रंग. ऑफिसचं काम पण एवढं नीट करत नाही मॅडम, असं स्वतःच म्हणाला आणि हसला, पण हात थरथरत होते. मी शीट बघत गेले तर एक गंमत दिसली, एका लॅबचा 47 लाल आणि दुसऱ्या लॅबचा 48 चक्क हिरवा, कारण त्या लॅबची मर्यादा 55 होती. मशीन वेगळं, पद्धत वेगळी, रेंज वेगळी. हे त्याला माहीत होतं, पण लाल रंग बघितल्यावर माहिती कुठे आठवते?

आता ती "नॉर्मल रेंज" कशी ठरते ते बघा, कारण अर्धी भीती तिथेच आहे. निरोगी माणसांचे आकडे घेतात आणि मधल्या 95 टक्क्यांना नॉर्मल म्हणतात. म्हणजे धडधाकट शंभरातले पाच जण प्रत्येक टेस्टला रेंजच्या बाहेर पडणारच, आणि वीस वेगवेगळ्या टेस्टचं पॅकेज घेतलं तर एक तरी आकडा बाहेर जायची शक्यता गणिताने 64 टक्क्यांच्या आसपास निघते. मोठं पॅकेज घेऊन सगळं हिरवं येईल ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे, पण हे पॅकेज विकताना कुणी सांगत नाही.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, सॅम्पल द्यायच्या आदल्या दिवशी काय केलं होतंत? "लेग डे होता," जरा अभिमानानेच. आणि त्याच्या आधीच्या सॅम्पलला? तेव्हाही जिम. हे विचारायचं कारण असं की एसजीओटी फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंमध्ये असतं, हृदयात असतं, रक्ताच्या लाल पेशींमध्येही असतं. एसजीपीटी जास्त करून लिव्हरचं, पण थोडं स्नायूंमध्येही. सवय नसताना जड वजनं उचलली की दोन्ही वाढतात आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त वर राहू शकतात. बोटाला टोचून रक्त येत नाही म्हणून जोरात पिळलं तर लाल पेशी फुटतात, त्यातूनही एसजीओटी फुगतं. म्हणजे हा बाबा लिव्हर सुधारायला जे करत होता त्यानेच आकडा वाढत होता आणि वाढला म्हणून तो तेच आणखी करत होता!

त्यात इंटरनेटवर त्याला फिब-४ नावाचा हिशेब सापडला. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून लिव्हरमध्ये जुन्या व्रणासारखा कडकपणा आला असेल का याचा अंदाज देणारा तो हिशेब आहे आणि डॉक्टर खरंच वापरतात. 1.3 च्या खाली आलं तर धोका कमी. समीरचं आलं 1.9, त्या रात्री तो झोपलाच नाही. पण त्यात टाकलेला 96 तर जिमवाला होता.

मी त्याला फिजिशियनकडे पाठवलं आणि मुद्दाम सांगितलं की जिम आणि कॅप्सूल दोन्हींचं पहिल्या दोन मिनिटांत सांगा, कारण लोक हे हमखास विसरतात. डॉक्टरांनी सीपीके, म्हणजे स्नायूंना ताण किंवा इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, बघितलं, ते चांगलंच वाढलेलं निघालं. कॅप्सूल बंद केल्या, त्यात ग्रीन टीचा अर्क होता आणि अशा घट्ट अर्काने काही जणांच्या लिव्हरला खरोखर इजा होते, नैसर्गिक लिहिलंय म्हणून सेफ असं नसतं. दहा दिवस जिम बंद, मग शिरेतून रक्त, हिपॅटायटिस बी आणि सी, सोनोग्राफी. एसजीओटी 27, एसजीपीटी 33, हिपॅटायटिस निगेटिव्ह, तोच फिब-४ आता 0.74.

इथे गोष्ट संपायला हवी होती ना? नाही संपली, कारण सोनोग्राफीत ग्रेड वन, म्हणजे सौम्य, फॅटी लिव्हर आलं. आकडे सगळे हिरवे आणि लिव्हरमध्ये चरबी! समीर म्हणाला मग टेस्टचा उपयोग काय. प्रश्न रास्तच होता. एन्झाइम म्हणजे पेशींना इजा झाल्यावर रक्तात सांडलेला माल, लिव्हर काम किती करतंय ते त्यावरून कळत नाही, त्यासाठी अल्ब्युमिन, बिलिरुबिन, रक्त गोठायचा वेळ हे बघतात. फॅटी लिव्हरवाल्या कित्येकांचं एसजीपीटी नॉर्मल असतं, सिरॉसिसमध्येसुद्धा नॉर्मल असू शकतं. त्यामुळे लाल म्हणजे संपलं असं नाही आणि हिरवं म्हणजे सुटलो असंही नाही. डॉक्टरांनी त्याला वजन सात ते दहा टक्के हळूहळू कमी करायला सांगितलं, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासलं, जिम परत सुरू करायला सांगितली, फक्त टेस्टच्या आधी आठवडाभर सुट्टी.

खरं काम आमचं यानंतर सुरू झालं. त्याची बायको एका सेशनला आली तेव्हा कळलं की रोज सकाळी तो खिडकीजवळ उभा राहून डोळ्यांचे सेल्फी काढायचा, पिवळेपणा शोधायला, आणि मग तिला विचारायचा "बघ गं, पिवळे दिसतात का?" ती नाही म्हणायची, त्याला अर्धा तास बरं वाटायचं, दुपारी ऑफिसातून परत फोटो. टेस्ट मागवणं हे त्याच सेल्फीचं महागडं रूप होतं. रिपोर्ट नॉर्मल आला की दोन दिवस सुख आणि मग "पण त्यानंतर काही झालं असेल तर?"

मी त्याला एक काम दिलं. पुढची टेस्ट मागवावीशी वाटली की आधी कागदावर दोन रकाने करायचे, आकडा वाढलेला आला तर मी काय करणार आणि नॉर्मल आला तर मी काय करणार. पुढच्या वेळी कागद घेऊन आला, डाव्या रकान्यात "दुसऱ्या लॅबमध्ये परत करणार", उजव्या रकान्यात "खात्री करायला परत करणार". वाचून दाखवताना स्वतःच थांबला. मी काहीच बोलले नाही, गरजच नव्हती.

मग पुढची टेस्ट डॉक्टरांनी ठरवलेल्या तारखेलाच, म्हणजे सहा महिन्यांनी, एकाच लॅबमध्ये, असं ठरलं. ॲपची नोटिफिकेशन बंद. बायकोने डोळे बघायचं काम सोडलं, "यावर आपण सेशनला बोलणार आहोत" एवढंच म्हणायचं. पहिले काही आठवडे तो जाम चिडचिडा झाला, हे होतंच, खात्री मिळायचं बंद झालं की भीती आधी वाढते आणि मग ओसरते. आणि मामांबद्दल तो तिथे पहिल्यांदा नीट बोलला. त्यांचा आजार फार उशिरा कळला होता, "मी लक्ष ठेवलं असतं तर" हे त्याच्या मनात सलत होतं, आणि ते लक्ष तो आता स्वतःवर ठेवत होता. एक्सेल शीट त्याने डिलीट नाही केली, करायला मी सांगितलंही नाही, पण मध्ये एकदा उघडायचीच राहून गेली असं म्हणाला.

आता तुमच्या हातात लाल रिपोर्ट असेल तर. थोडासाच वाढलेला एसजीपीटी बऱ्याच वेळा दुसऱ्या टेस्टला आपोआप रेंजमध्ये येतो, म्हणून परत टेस्ट करायचीच, पण एकदा आणि डॉक्टरांना विचारून. एकटं बिलिरुबिन (ज्याने डोळे पिवळे होतात ते द्रव्य) थोडं जास्त, तेही रिपोर्टमध्ये "इनडायरेक्ट" लिहिलेलं, बाकी सगळं ठीक, असं असेल तर गिल्बर्ट सिंड्रोम असू शकतो, जन्मतःच असतो, उपाशी राहिलं किंवा ताप आला की बिलिरुबिन वाढतं आणि त्याने लिव्हर बिघडत नाही, पण ते निदान डॉक्टरांनीच करायचं. वाढत्या वयातल्या मुलांचं आणि गरोदर बाईचं अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हरच्या रिपोर्टमधलं आणखी एक एन्झाइम) जास्त येतं, ते हाडांतून आणि नाळेतून येतं, त्यावरून लिव्हरचा अंदाज बांधू नका.

पण डोळे खरंच पिवळे दिसतायत, लघवी चहासारखी गडद, शौच पांढरट, पोट फुगतंय, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं काळं शौच, माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, पॅरासिटामॉल जास्त झालंय, किंवा एसजीपीटी शेकड्यांत आहे, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. पॅरासिटामॉलच्या बाबतीत तर त्रास सुरू व्हायचीही वाट बघू नका, सुरुवातीला माणूस ठीकठाक वाटू शकतो. बाकीच्यांनी डॉक्टरांकडे जाताना जुने सगळे रिपोर्ट, चालू गोळ्या-पावडरी-कॅप्सूलच्या बाटल्या आणि दारू किती होते त्याचा खरा आकडा, हे तीनही घेऊन जा.