फोन स्विच ऑफ येतोय: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील निपाणीहून बेळगावला बसने आले. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरल्यावर खिशात मोबाईल नव्हता. लावून बघितला तर दोन वेळा रिंग जाऊन कट झाला आणि मग स्विच ऑफ. फोन अँड्रॉइड, त्यात फोनपे चालू, आणि जीमेलचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नाही. फोन मिळेल का, आणि खात्यातले पैसे जातील का?

आधी त्या रिंगबद्दल. सीटखाली पडलेला फोन बॅटरी संपेपर्यंत वाजत राहतो. रिंग तोडून लगेच बंद झालेला फोन बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातात असतो. तरीही बसचं तिकीट टाकून देऊ नका. त्यावरच्या तारीख, वेळ आणि मार्गावरून स्टँडवरचा कंट्रोलर गाडी आणि कंडक्टर शोधू शकतो. तक्रारीतही ते तिकीट पुरावा म्हणून लागतं.

आता कामाचा क्रम. इथंच बहुतेकांचं चुकतं: पहिले दोन तास नकाशावर फोन शोधण्यात जातात आणि सिम तसंच चालू राहतं. फोन चालू असेल आणि त्याला स्क्रीन लॉक असेल तर अर्धा तास शोधायला हरकत नाही, कारण सिम बंद केलं की मोबाईल डेटा बंद होतो आणि नकाशावरचा ठिपका तिथंच थांबतो. पण तुमचा फोन आधीच बंद आहे. त्यामुळे आता सगळ्यात आधी सिम बंद करायचं. फोनला लॉकच नसेल तर तो चालू असला तरी सिम आणि बँक आधी.

सिमची एवढी घाई का, तर स्क्रीन लॉक फक्त फोनला असतो, सिमला नसतो. टाचणी घालून सिम ट्रे बाहेर काढायची आणि सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये टाकायचं, की तुमचे सगळे ओटीपी तिकडे जातात. यूपीआय पिन फोनमध्ये साठवलेला नसतो हे खरं, पण तो नव्याने सेट करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी एवढंच पुरतं. आपल्याकडे वडीलधारी मंडळी एटीएम कार्ड आणि आधारची झेरॉक्स मोबाईलच्या पाकीटवजा कव्हरमध्ये ठेवतात. वडिलांचंही तसंच असेल तर चोराला फोन, सिम, कार्ड आणि आधार असा सगळा ऐवज एकाच ठिकाणी मिळालाय. ते आत्ताच त्यांना विचारा. उत्तर हो असेल तर कार्ड ब्लॉक करणं हे सिमच्या बरोबरीचं काम आहे.

सिम बंद करायला त्याच कंपनीच्या दुसऱ्या मोबाईलवरून १९८ लावा आणि नंबर तात्पुरता बंद करायला सांगा. मग बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून यूपीआय, मोबाईल बँकिंग आणि कार्ड तिन्ही बंद करायला सांगा. नुसतं ‘मोबाईल हरवलाय’ म्हणून थांबू नका, तिन्हींची नावं घ्या आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्या क्रमांकाला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचं नुकसान बँकेनं सोसायचं असतं. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी तसंच परिपत्रक निघालंय. खातं गावातल्या सहकारी बँकेत असेल आणि रात्री तिथं फोन उचलत नसतील तर मेल किंवा एसएमएस पाठवून वेळेची नोंद राहील असं करा आणि सकाळी शाखा उघडायच्या वेळेला दारात हजर राहा. पैसे गेलेलेच दिसले तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. तिथं जितक्या लवकर नोंद होईल तितकी पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

आता फोन शोधणं. गुगलचं ‘फाइंड माय डिव्हाइस’ २०२५ पासून ‘फाइंड हब’ या नावानं आहे. त्यात तीन गोष्टी करता येतात. ‘प्ले साउंड’ने फोन सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं वाजतो. लॉक करून स्क्रीनवर दुसरा संपर्क क्रमांक दाखवता येतो. आणि सगळं पुसता येतं. यातलं पुसणं शेवटी, सगळे मार्ग संपल्यावरच. पुसल्यावर अँड्रॉइड फोन नकाशावर दिसत नाही, आणि मेमरी कार्डावरचं पुसलं जाईलच याची खात्री नसते. गुगल खात्यातून तो फोन ‘रिमूव्ह’ तर अजिबात करू नका. फोन रिसेट केल्यावरही जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो, ते कुलूप आपल्याच हाताने काढल्यासारखं होतं. आयफोनवाल्यांनाही हेच लागू. लॉस्ट मोड लावायचा आणि यादीतून फोन काढायचा नाही.

तुमची खरी अडचण पासवर्डची आहे, आणि ती घरोघरी असते. मोबाईल घेताना दुकानदारानंच जीमेल उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्यानं ठेवलेला असतो किंवा कुणीच ठेवलेला नसतो. घरातल्या टॅबवर, टीव्हीवर किंवा तुमच्याच फोनवर वडिलांचं खातं कधी उघडलं होतं का ते बघा. उघडं असेल तर काम तिथंच होतं. नसेल तर खातं नंबरवरून परत मिळवावं लागेल आणि त्याला नवं सिम लागेल. जुनी गुगल टाइमलाइन (फोन कुठं कुठं गेला त्याची नोंद) वेबवर बघा असा सल्ला कुणी देईल, तो आता लागू नाही. ती माहिती फोनमध्येच साठवली जाते.

नकाशावर ठिपका दिसलाच तर त्याभोवतीचं निळं वर्तुळ बघा. वर्तुळ मोठं म्हणजे अंदाज ढोबळ. गणपत गल्लीसारख्या दाटीत त्या एका वर्तुळात चाळीस घरं येतात. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून पोलिसांना द्या, स्वतः दार वाजवायला जाऊ नका.

डुप्लिकेट सिमसाठी ज्याच्या नावावर सिम आहे त्यानंच मूळ आधार घेऊन जायचं. तुमच्या नावावर सिम आणि वापरणारे वडील असं असेल तर तुम्ही जा. सीमाभागात एक भानगड हमखास होते. सिम कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला घेतलेलं असतं, म्हणजे महाराष्ट्र सर्कलचं, आणि माणूस राहतो बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत. अशा वेळी दुकानात जायच्या आधी कस्टमर केअरला विचारा की इथं मिळेल की तिकडं जावं लागेल. एक दिवसाचा हेलपाटा वाचतो. नवं सिम चालू झालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. फसवणूक रोखायला मुद्दाम तसं ठेवलंय, सिम खराब समजून परत दुकानात भांडायला जाऊ नका.

पोलीस तक्रारीत ‘हरवला’ आणि ‘चोरीला गेला’ यात फरक आहे. हरवल्याची नोंद कर्नाटक पोलिसांच्या ॲपवरच्या ई-लॉस्ट सुविधेतून घरबसल्या होते आणि तिची पोच सिम, विमा आणि फोन ब्लॉक करायला चालते. पण त्यावर तपास होत नाही. रिंग तोडून फोन बंद केलाय, म्हणजे संशय चोरीचा आहे, तर स्टेशनला जाऊन चोरीची फिर्याद द्या. मग कुठल्या स्टेशनला? गाडी निपाणी, संकेश्वर, यमकनमर्डी, काकती असं करत येते. यमकनमर्डी जिल्हा पोलिसांकडं, काकती शहर आयुक्तालयाकडं. ‘आमच्या हद्दीत नाही’ असं कुणी म्हणालं तर, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हे शांतपणे सांगा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. रेल्वेत गेला असेल तर रेल्वेची १३९ हेल्पलाइन किंवा रेल मदद ॲप.

फिर्याद बहुतेक कन्नडमध्ये लिहिली जाते. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा आणि आकडे स्वतः तपासा. आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, १५ आकड्यांचा असतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात. एक आकडा चुकला तर दुसऱ्याच कुणाचा तरी फोन ब्लॉक व्हायचा किंवा अर्जच परत यायचा. नाव बिलावर, आधारवर आणि फिर्यादीत एकसारखं हवं. आयएमईआय खोक्यावरच्या स्टिकरवर किंवा बिलावर मिळेल. बिल थर्मल कागदाचं असेल तर वर्षभरात कोरं होतं, अशा वेळी दुकानदाराकडं दुसरी प्रत मागा. त्याच्या संगणकात असते.

आता सीईआयआर, म्हणजे दूरसंचार विभागाची देशभरातल्या हँडसेटची नोंदवही. कर्नाटकात ती २०२२ पासून वापरात आहे आणि २०२३ पासून संचार साथीच्या संकेतस्थळावर मिळते. तिथं ‘ब्लॉक लॉस्ट मोबाईल’मध्ये नंबर, दोन्ही आयएमईआय, मॉडेल, बिल, तक्रार क्रमांक, तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र भरायचं. राज्य आणि जिल्हा निवडताना आपला पत्ता टाकू नका, फोन जिथं गेला तिथला टाका. कोल्हापूरच्या स्टँडवर गेला असेल तर महाराष्ट्र. ओटीपी हरवलेल्या नंबरवर येतो, म्हणून हा अर्ज नव्या सिमवर एसएमएस सुरू झाल्यावरच भरायला घ्या. अर्ज मंजूर झाला की फोन साधारण २४ तासांत देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो. त्यानंतर कुणी त्यात सिम टाकलं तर त्याची माहिती पोलिसांपर्यंत जाते. फोन गोव्यात गेला काय आणि पुण्यात गेला काय, फरक पडत नाही. रिक्वेस्ट आयडी येईल तो कागदावर लिहून ठेवा.

ब्लॉक म्हणजे मोबाईल नेटवर्क बंद, वाय-फाय चालूच राहतं. त्यामुळे फाइंड हबवर नंतरही अधूनमधून बघत राहा.

फोन मिळेल का, याचं सरळ उत्तर: कुणी तो सिम टाकून वापरायला लागला तर शक्यता चांगली, पण त्याला महिने लागू शकतात. सुट्या भागांसाठी उघडला गेला तर आशा सोडा.

पुढच्या काही दिवसांत ‘तुमचा फोन सापडला, इथं लॉगिन करा’ असा मेसेज किंवा ‘सीईआयआरमधून बोलतोय, ओटीपी सांगा’ असा फोन येऊ शकतो. ब्लॉक उठवायलाही रिक्वेस्ट आयडी आणि ओटीपीच लागतात. चोराला नेमकं तेच हवं असतं. पोलीस फोन परत द्यायला स्टेशनला बोलावतात, ओटीपी मागत नाहीत. फोन मिळाल्यावर मात्र ‘अनब्लॉक’चा अर्ज आपणच भरायचा. तो राहिला तर हातात फोन असूनही नेटवर्क येत नाही आणि लोक सिमला दोष देत बसतात.

घरात आणखी फोन आहेतच, तर आज रात्रीच चार सेटिंग बदला. सगळ्यात उपयोगी सिम लॉक. फोन सुरू होताना किंवा सिम दुसरीकडं टाकल्यावर ते पिन मागतं. कंपनीचा मूळ पिन अंदाजानं टाकू नका, आधी विचारून घ्या. तीन वेळा चुकला की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीकडचा कोड, लागतो आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद. दुसरं, लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. नाहीतर लॉक असूनही ओटीपी वाचता येतो. तिसरं, अँड्रॉइड १० किंवा पुढचा फोन असेल तर ‘थेफ्ट प्रोटेक्शन’मध्ये रिमोट लॉक चालू करा. मग पासवर्ड आठवत नसला तरी नुसत्या मोबाईल नंबरवरून फोन लॉक करता येतो. पण ते आधी चालू केलेलं असावं लागतं.

चौथं खास आपल्या भागासाठी. फाइंड हब इंटरनेट नसलेला फोन आसपासच्या दुसऱ्या अँड्रॉइड फोनच्या मदतीनं शोधतं, पण मूळ सेटिंग ‘फक्त गर्दीच्या ठिकाणी’ असं असतं. खडेबाजारात ते चालतं, जांबोटी-कणकुंबीच्या रानात किंवा उसाच्या फडात नाही. तिथं ‘सगळ्या ठिकाणी’ हा पर्याय निवडा. सोबत गुगलचे आठ आकडी बॅकअप कोड, दहा मिळतात, कागदावर उतरवून कपाटात ठेवा. दुसऱ्याच्या फोनवरून लॉगिन करताना गुगल खात्री करायला हरवलेल्याच फोनवर सूचना पाठवतं, तेव्हा हे कोड कामी येतात. आयफोनवाल्यांना ‘फाइंड’च्या वेब पानासाठी असा दुसरा कोड लागत नाही, पासवर्ड पुरतो.

वडिलांसाठी तोवर जुना फोन घेणार असाल तर पैसे देण्याआधी त्यावर *#०६# दाबून आयएमईआय बघा. ‘केवायएम’ (इंग्रजीत KYM), एक जागा सोडून तो आकडा, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर फोन कितीही चांगला दिसू दे, घेऊ नका. आणि खोकं व बिल नसलेला फोन ‘पाहुण्यांचा आहे’ म्हणून कुणी देत असेल तर त्याला आधारची प्रत आणि सहीचा कागद मागा.