एच-इंडेक्स बघून मेंदूशास्त्रज्ञाच्या कामाचं मोल कळतं का?

पीएचडीसाठी मार्गदर्शक निवडताना एखाद्या मेंदूशास्त्रज्ञाच्या नावापुढचे सायटेशन (इतरांनी आपल्या निबंधांत त्याच्या निबंधांचे दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स (त्या संदर्भांवरून काढलेला एक आकडा) बघून त्याच्या कामाचा प्रभाव कळतो का, असं तुम्ही विचारलंय. थोडाफार कळतो. मी याच क्षेत्रात पीएचडी केली आणि सुरुवातीला मीही आकड्यांवरूनच माणसं पारखत होतो. आता आधी एवढंच शोधतो, की या माणसाच्या कामाआधी लोक काय मानत होते आणि नंतर काय मानायला लागले.

स्मृतीवर काम करणाऱ्या मेंदूशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांचं उदाहरण घ्या. जन्म 1918, मँचेस्टरचा. शिक्षण केंब्रिजला, मग 1944 मध्ये कॅनडा. मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या हाताखाली 1952 मध्ये पीएचडी. मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड हे न्यूरोसर्जन फिट्स थांबवण्यासाठी मेंदूच्या शस्त्रक्रिया करत आणि मिल्नरबाई त्या रुग्णांच्या चाचण्या घेत. त्यातल्या दोघांची स्मृती शस्त्रक्रियेनंतर गेली. पेनफिल्ड आणि मिल्नर यांनी मिळून ते मांडलं, त्याचा गोषवारा अमेरिकेतल्या हार्टफर्डचे न्यूरोसर्जन विल्यम स्कोव्हिल यांच्या वाचनात आला आणि त्यांनी पेनफिल्डना फोन केला, की असाच एक रुग्ण माझ्याकडेही आहे.

तो रुग्ण म्हणजे एच. एम. हेन्री मोलेसन हे पूर्ण नाव 2008 मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच जगाला कळलं. 1953 मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (मेंदूच्या आतल्या बाजूचा एक भाग) बराचसा भाग काढला होता. फिट्स कमी झाल्या, पण नवं काही लक्षात राहीना. मिल्नरबाई रात्रीच्या गाडीने हार्टफर्डला जाऊन त्याला तपासत. एप्रिल 1955 मध्ये त्यांनी तारीख विचारली, तर त्याने मार्च 1953 सांगितली आणि वय सत्तावीस. बुद्धी शाबूत होती. 584 हा आकडा लक्षात ठेवायला सांगितलं, तर आकड्यांची बेरीज-वजाबाकी मनात घोळवत त्याने तो पंधरा मिनिटं तरी धरून ठेवला. लक्ष दुसरीकडे वळलं आणि आकडाच काय, आपल्याला कुणी काही लक्षात ठेवायला सांगितलं होतं, हेही गेलं.

मग आरशाची चाचणी. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी, हात आणि कागद फक्त आरशातून दिसणार, आणि दोन रेषांच्या मधून पेन्सिल न्यायची. ही मी स्वतः करून पाहिली आहे. सरळ रेषेवर जमतं, पण टोकाला वळताना हात हट्टाने उलट्या दिशेला जातो. एच. एम.ने हे तीन दिवस केलं आणि रोज त्याच्या चुका कमी होत गेल्या. तिसऱ्या दिवशी हात सफाईने फिरत होता, आणि हे आपण आधी कधी केलंय याची त्याला पुसटशीही आठवण नव्हती. इतकं सोपं कसं गेलं, याचं त्यालाच नवल वाटलं.

त्याआधी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ले यांच्या उंदरांवरच्या कामामुळे अनेकांचं मत होतं, की स्मृतीला मेंदूत अशी एक जागा नाही. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा 1957 चा शोधनिबंध आणि पुढचं हे आरशाचं काम यांनी ती समजूत हलवली. नव्या आठवणी पक्क्या व्हायला हिप्पोकॅम्पस लागतो आणि हाताचं कसब शिकण्याची वाट वेगळी आहे, हे समोर आलं. मिल्नरबाईंच्या विद्यार्थिनी सुझॅन कॉर्किन पुढे कित्येक दशकं एच. एम.सोबत काम करत राहिल्या. 1971 मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. मेंदूशास्त्रातला 2014 चा काव्हली पुरस्कार मिल्नर, ओकीफ आणि मार्कस रेकल यांना मिळून मिळाला.

आता एच-इंडेक्सकडे या. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो 2005 मध्ये सुचवला. तुमच्या 20 निबंधांना प्रत्येकी किमान 20 सायटेशन असतील, तर तुमचा एच-इंडेक्स 20. पण कुणी आयुष्यात तीनच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला पाच-पाच हजार सायटेशन मिळाली, तरी त्याचा एच-इंडेक्स तीनच. शिवाय एखादा शोध पाठ्यपुस्तकात मुरला, की लोक तो नाव न घेताच वापरतात आणि ते कुठल्याच मोजणीत येत नाही. मला या आकड्याचा सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. मोठ्या गटांच्या निबंधांवर वीस-पंचवीस नावं असतात, तिथे कुणी काय केलं हेही आकडा सांगत नाही.

तुमच्या यादीतल्या प्रत्येकाचा पहिल्या दहा वर्षांतला एक निबंध मुळातून वाचा. मग त्याला सायटेशन देणारे पाच-सहा निबंध उघडा आणि प्रस्तावनेतल्या ओळीत नुसतं नाव आलंय, की त्याची पद्धत घेऊन पुढचा प्रयोग केलाय, ते बघा. त्याच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठल्या प्रश्नावर काम करतात, तेही शोधा आणि जमलं तर त्यातल्या दोघांशी बोला. मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात, हे त्यांना आवर्जून विचारा.