नाणी, कागदपत्रं आणि एक फुटलेला हंडा

प्रश्न : काका, नमस्कार. मी मूळचा नाशिकरोडचा, गेली सोळा वर्षं न्यू जर्सीत असतो. ग्रीक आणि रोमन नाणी जमवतो, फार महागडी नाहीत. सध्या आमच्या क्लबात एक पत्र फिरतंय. अमेरिका इतर देशांशी करार करून प्राचीन नाण्यांच्या आयातीवर निर्बंध घालते, त्यातून नाणी पूर्णपणे वगळावीत, अशी त्यात मागणी आहे. सगळे सह्या करताहेत. मी करू का? आणि माझ्याकडची नाणी उद्या जप्त होतील का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : जप्तीचं आधी सांगतो. हे निर्बंध आयातीवर आहेत. जी नाणी त्याआधीच रीतसर अमेरिकेत आली, ती बाळगायला त्यांची आडकाठी नाही. नवं नाणं बाहेरून मागवताना मात्र, ते निर्बंधाच्या तारखेआधीच त्या देशाबाहेर होतं याचा पुरावा लागतो. जुनं बिल, लिलावाचा फोटोसकट कॅटलॉग, जे असेल ते सगळं आजच एका फाइलला लावा.

आता सहीचं. सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण रोखणाऱ्या 1970च्या युनेस्को कराराची अंमलबजावणी करणारा कायदा अमेरिकेने 1983मध्ये केला. एखादा देश विनंती करतो, 11 जणांची सल्लागार समिती ती तपासते आणि मग पाच वर्षांचा करार होतो. बरीच वर्षं त्यात नाणी नव्हती. 2007मध्ये सायप्रसची आली, मग 2009मध्ये चीनची, 2011मध्ये इटलीची. संग्राहक तेव्हापासून चिडलेले आहेत. एन्शंट कॉइन कलेक्टर्स गिल्ड या त्यांच्या संघटनेने 2009च्या एप्रिलमध्ये लंडनच्या विक्रेत्याकडून सायप्रसची आणि चीनची 23 नाणी मुद्दाम बाल्टिमोरला मागवली. कस्टम्सने ती अडवली आणि संघटना कोर्टात गेली. 2012मध्ये अपील कोर्टानेही तिच्याविरुद्ध निकाल दिला.

संघटनेचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो. कायदा बोलतो नाणं कुठे सापडलं त्याबद्दल, आणि कस्टम्स बघतं ते कुठे पाडलं गेलं ते. नाणं जन्माला येतं तेच फिरण्यासाठी. 1898मध्ये तमिळनाडूत पुदुकोट्टईला 501 रोमन सोन्याची नाणी सापडली, बहुतेकांवर राजाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव घातलेला. ती इटलीच्या मातीतली म्हणायची का? शिवाय चार-पाच डॉलरच्या नाण्याला पन्नास वर्षांची कागदपत्रं कोण सांभाळून ठेवणार?

पण एवढ्यावरून ‘नाणी वगळा’ म्हणायला मी तयार नाही. त्याचं कारण माझ्याच कपाटात आहे.

1986च्या पावसाळ्यात इथल्याच एका विक्रेत्याकडून मी सातवाहनांची अकरा पोटीन, म्हणजे तांब्यात शिसं-कथील मिसळलेली, नाणी घेतली. पुढे सोंड वर केलेला हत्ती, मागे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. अकराही नाण्यांवर एकसारखा हिरवा-काळा थर, सांदीत तीच पिवळसर माती, आणि एका नाण्याला खापराचा नखाएवढा तुकडा चिकटलेला. एका हंड्यातला माल होता तो, शंकाच नको. बाकीची नाणी आणखी पाच जणांना गेल्याचं त्याने सांगितलं. ‘कुठली आहेत?’ विचारलं तर म्हणाला, ‘ते विचारू नका, साहेब.’ आणि मी गप्प बसून पैसे मोजले. आज त्या नाण्यांवरचं ‘रञो सिरि’, म्हणजे ‘राजा श्री’, मला वाचता येतं. हंडा कुठल्या गावचा, त्यात एकूण किती नाणी होती, आणखी कोणकोणत्या राजांची होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. याची टोचणी अजून जात नाही.

हंडा शाबूत राहिला तर काय हाती लागतं ते आपल्याच नाशिक जिल्ह्यात बघा. 1906मध्ये जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची चांदीची 13,250 नाणी मिळाली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. त्यातलं एक नाणं मी भिंगाखाली धरलं आहे. वर सातकर्णीचा चैत्य, म्हणजे कमानींच्या डोंगराचं चिन्ह, आणि त्याच्या कडेने खालून डोकावणारं नहपानाचं नाक. कोणी कोणाला हरवलं ते त्या ढिगाने सांगितलं. सुटं एक नाणं हाती असतं, तर छाप चुकून दोनदा पडला असेल म्हणून विषय संपला असता. 1939मध्ये विदर्भात तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा मिळाला. कुंभ आणि कर्ण सातकर्णी ही पुराणांतल्या राजांच्या यादीत नसलेली नावं त्यातून पुढे आली. माझी अकरा अशाच एखाद्या हंड्यातली असतील, या विचाराने जीव तुटतो.

म्हणून त्या पत्रावर सही करू नका. स्वतःचं वेगळं पत्र लिहा. नाणं कुठे पाडलं यावर न जाता ते कुठे सापडतं याचा पुरावा धरा, आणि किरकोळ किमतीच्या नाण्यांना कागदपत्रांची सोपी रीत ठेवा, हे ठणकावून मागा. पूर्वी नाणं कोणाकडे होतं ते बिलावर लिहिणं विक्रेत्यांना बंधनकारक करा, हेही त्यात घाला. इंग्लंडमध्ये सापडलेलं धन रीतसर कळवणाऱ्याला मोबदला मिळतो. 2010मध्ये फ्रोमजवळ एका माणसाला नाण्यांनी भरलेला रांजण लागला, त्याने खणणं थांबवून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. त्यांनी तो थराथराने उपसला. 52,503 नाणी निघाली, आणि थरांची नोंद असल्यामुळे रांजण कसा भरला गेला असेल तेही सांगता आलं. देशोदेशी अशी सोय व्हावी असा आग्रह संग्राहकांनी धरला, तर मीही सही करीन. भारतानेही 26 जुलै 2024ला दिल्लीत अमेरिकेशी सांस्कृतिक मालमत्तेचा करार केला आहे. तेव्हा पुढे आपल्याकडचं काही विकत घ्यायचं मनात आलं तर त्या करारात कोणत्या वस्तू येतात ते आधी तपासा.

प्रश्न : आमच्या देव्हाऱ्यात आजेसासूबाईंच्या वेळच्या तीन शिवराया आहेत. मुलगा टेक्सासला असतो. त्याला पार्सलने एक पाठवली तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, ताई. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ते पोटच्या मुलाला भेट का असेना. घरात ठेवायला काहीच हरकत नाही. मुलगा आला की त्याच्या तळहातावर ठेवा, ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ त्याच्याकडून वाचून घ्या. पाठवायचेच तर दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, सोनाराकडे वजन करून तेही लिहा. आणि चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात.