वाचकांचे प्रश्न : कागदावरचा निळा डाग

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की कर्बोदकांना निव्वळ इंधन समजणं ही त्यांची बदनामी आहे, आपला रक्तगटसुद्धा साखरच ठरवते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच देऊन टाकते. ३१ वर्षं जीवरसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतलेल्या बाईला हा विषय मिळाला की ती थांबत नाही, हे संपादकांना ठाऊक आहे. त्यांनी पानं मोजून दिली आहेत.

प्रश्न : ‘कर्बोदक’ म्हणजे कर्ब अधिक उदक. साखरेत खरंच पाणी असतं का? आमच्या बाई म्हणतात असतं, शिकवणीचे सर म्हणतात नसतं. (अकरावीतली विद्यार्थिनी)

उत्तर : गुण सरांना. पण बाई असं का म्हणाल्या तेही सांगते. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे सहा अणू, हायड्रोजनचे बारा आणि ऑक्सिजनचे सहा. बारास सहा, म्हणजे पाण्यातलंच दोनास एक हे प्रमाण. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनज्ञांनी हा हिशेब पाहिला, सहा कार्बनना सहा पाणी चिकटलंय असं धरलं आणि नाव ठेवून मोकळे झाले. आपण त्या नावाचं इमानेइतबारे मराठी केलं, चुकीसकट.

रेणूत पाणी म्हणून काही नसतं. कार्बनची साखळी असते. एक कार्बन सोडला तर बाकी प्रत्येकावर एक हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. उरलेल्या कार्बनवर ऑक्सिजन दुहेरी बंधानं बसलेला. साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतलं की वाफ निघते आणि काळा कोळसा फुगून वर येतो, तो प्रयोग तुमच्या बाईंच्या डोळ्यांपुढे असेल. पण ते पाणी आम्लानं हायड्रॉक्सिल तोडून तयार केलेलं असतं, आत साठलेलं नसतं. शिवाय हा हिशेब सगळीकडे जुळतही नाही. डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोजमध्ये पाच कार्बन, दहा हायड्रोजन आणि चारच ऑक्सिजन, तरी ती शर्करा. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल मात्र हिशेबात चोख बसतं आणि शर्करा नाही.

प्रश्न : जखमेला लावायचं आयोडीन हिशेबाच्या वहीवर सांडलं. डाग तपकिरी पडायचा तो निळा-काळा पडला. शाळेत शिकलो होतो की निळा रंग स्टार्चचा. कागद तर सेल्युलोजचा ना? (निवृत्त लेखापाल)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी खुर्चीत सरळ बसले. इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचित कुणी विचारला असेल.

शाई फुटू नये म्हणून कागदाला कारखान्यात स्टार्चची खळ देतात. तुमच्या वहीवर निळी झाली ती खळ. खळ न दिलेल्या गाळणकागदावर आयोडीन टाका, डाग तपकिरीच राहील. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे इथे संपलं. पण खळ निळी होते आणि तिच्याखालचा कागद होत नाही, हे का? हा प्रश्न पडतो, कारण दोन्ही एकाच मालाचे आहेत. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची साखळी आणि सेल्युलोज म्हणजेही ग्लुकोजची साखळी. दोन्हींत एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्या कार्बनशी ऑक्सिजनमार्फत जोडलेला. फरक फक्त सांध्यात.

ग्लुकोजच्या एकेका रेणूतली कार्बनची साखळी पाण्यात वळून सहा कोनांचं कडं बनवते. कडं मिटताना पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल एक तर खाली जातो किंवा वर. खाली गेला तर अल्फा, वर गेला तर बीटा. सुटं ग्लुकोज पाण्यात असताना हे उलटसुलट चालूच असतं, साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा. सांधा जुळला की मात्र दिशा पक्की. अल्फा सांध्यांची साखळी वळत जाते आणि मळसूत्र तयार होतं, एका वेढ्यात सहा ग्लुकोज. त्या पोकळीत आयोडीनचे अणू रांगेनं शिरून बसतात आणि निळा रंग दिसतो. निळं झालेलं द्रावण तापवलं तर रंग जातो, थंड झालं की परत येतो. माझ्या वर्गात टाळी पडायची ती या प्रयोगाला.

बीटा सांध्यांच्या साखळीत प्रत्येक पुढचं ग्लुकोज मागच्याच्या तुलनेत उलटं पडतं, त्यामुळे साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी निजतात, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरतात आणि तंतू तयार होतो. आयोडीनला बसायला तिथे पोकळीच नाही. झाडाचं खोड त्यानं उभं राहतं, कापसाचा धागा त्याचाच.

एकदा वर्गात मी चेंडू-काड्यांचे संच वाटले आणि स्टार्चचे सहा दुवे जोडायला सांगितले. एका मुलानं फार कष्टानं सरळसोट दांडा केला आणि म्हणाला, माझी साखळी वळतच नाही. सगळे हसले. त्यानं नकळत सेल्युलोज बांधलं होतं. पुढे दरवर्षी मी ती चूक मुद्दाम करवून घेत असे.

आपल्या लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) अल्फा सांधा कापतं, बीटा त्याच्या पकडीत बसतच नाही. म्हणून कागद कितीही चघळला तरी गोड लागत नाही. गाय गवतावर जगते म्हणतात, पण तिच्याकडेही ही कात्री नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव ते काम करतात. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणू थोडाफार चोथा आंबवतात आणि त्यातून निघणारी लहान मेदाम्लं आतड्याच्या पेशींच्या कामी येतात. तेव्हा चोथा म्हणजे कचरा, असं म्हणू नये.

प्रश्न : लघवीतली साखर तपासायच्या निळ्या द्रावणात मुलानं घरातली साखर घालून उकळलं. रंग जराही बदलला नाही. द्रावण बिघडलंय का? (एक पालक)

उत्तर : नाही, द्रावण ठणठणीत आहे. त्यातला निळा रंग मोरचुदाच्या तांब्याचा. ग्लुकोजचं कडं क्षणभर उघडतं तेव्हा त्याचं मोकळं टोक तांब्याला इलेक्ट्रॉन देतं आणि विटेसारखा तांबडा साका बसतो. कोणत्याही एका क्षणी हजारात एक रेणूही उघडा नसतो, पण जो उघडतो तो खर्ची पडतो आणि त्याची जागा दुसरा घेतो. घरातली साखर म्हणजे सुक्रोज. तीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांनी आपापली उघडणारी टोकंच एकमेकांत अडकवली आहेत. कडं उघडायचं कुठून?

यावरून माझी एक जुनी लाज सांगते. प्रात्यक्षिक परीक्षेत एका मुलीच्या नळीत सुक्रोज होतं आणि साका लालभडक आला. मी ‘नळी धुतली नाही’ म्हणून गुण कापले. ती म्हणाली, बाई, दोनदा धुतली. संध्याकाळी आवराआवर करताना सुक्रोजची बाटली उजेडाकडे धरली तर तळाशी बुरशीचे तंतू तरंगत होते. द्रावण मीच महिन्यापूर्वी करून ठेवलेलं. बुरशीच्या विकरानं सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळं केलं होतं. मुलीचं उत्तर बरोबर होतं, चुकीचं होतं ते बाटलीवरचं लेबल. गुण दुसऱ्या दिवशी भरून दिले. तुमच्या मुलाला सांगा, साखरेच्या पाण्यात लिंबू पिळून थोडा वेळ उकळ, मग खाण्याच्या सोड्यानं आंबटपणा मार आणि पुन्हा तपासून बघ. तुम्ही मात्र शेजारी उभे राहा.

प्रश्न : ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांचं सूत्र एकच आहे. मग दोन नावं कशाला? (स्पर्धा परीक्षेचा उमेदवार)

उत्तर : चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल एकात एका बाजूला, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला. बस. सरळ साखळीत असे चार कार्बन आहेत ज्यांवर डावं-उजवं करता येतं, म्हणजे दोनाचा चौथा घात, १६ शर्करा. यातलं ग्लुकोज नेमकं कोणतं, हे एमिल फिशर यांनी १८९१ साली ठरवलं, एक्स-किरणांनी रेणू पाहायची सोय नसताना. त्यांचं मुख्य हत्यार होतं त्यांनीच शोधलेलं फिनाइलहायड्रॅझिन. न जमणाऱ्या चिकट पाकाचे त्यानं छान पिवळे स्फटिक होतात, आणि त्याच रसायनानं त्यांची प्रकृतीही खालावली. १९०२ साली नोबेल मिळालं.

मला त्यांच्या कामातली सर्वांत आवडती गोष्ट परीक्षेत कुणी विचारत नाही. रेणू आणि त्याची आरशातली प्रतिमा यांतलं निसर्गातलं कोणतं, हे तेव्हा सांगताच येत नव्हतं. फिशर यांनी एक बाजू सरळ गृहीत धरली आणि पुढचं सगळं तिच्यावर रचलं. १९५१ मध्ये बायफूट यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षारावर एक्स-किरण टाकून खात्री केली. गृहीतक बरोबर निघालं. चुकलं असतं तर साठ वर्षांची सगळी चित्रं आरशात धरून पुन्हा काढावी लागली असती.

प्रश्न : माझी उपाशीपोटीची साखर ९० आली. म्हणजे रक्तात नेमकी किती साखर? आणि एवढीशी का? (गृहिणी)

उत्तर : ९० म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ९० मिलिग्रॅम. रक्त पाच लिटर धरा, साडेचार ग्रॅम होतात, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज जाळतो. म्हणजे चमचा तासाभरात रिकामा. तो सतत भरत राहायचं काम यकृताचं. तिथल्या ग्लायकोजेन या साठ्याचं स्वरूप क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये उलगडलं. यकृतात तो अंदाजे १०० ग्रॅम असतो, स्नायूंत मिळून ४०० च्या आसपास. पण स्नायूंचा साठा ज्याचा त्यालाच. तो रक्तात सोडायला लागणारं विकर स्नायूंकडे नाही.

सुटं ग्लुकोज पेशीत का ठेवत नाहीत? ठेवलं तर ते पाणी ओढून घेईल आणि पेशी फुगून फुटेल. पाणी ओढणं रेणूंच्या संख्येवर ठरतं, वजनावर नाही. हजारो ग्लुकोज एका फांद्याफांद्यांच्या रेणूत गुंफले की संख्या एकच. फांद्या आठ-बारा ग्लुकोजमागे एक, म्हणजे टोकं भरपूर, आणि गरज पडली की सगळ्या टोकांवरून एकदम तोडणी.

रक्तातली साखर वाढू का देऊ नये, याचं एक कारण मघाच्या उघड्या टोकात आहे. ते तांब्याला इलेक्ट्रॉन देतं तसं प्रथिनांना चिकटतंही, कुठल्याही विकराशिवाय. हिमोग्लोबिनला चिकटलेलं ग्लुकोज मोजतात तीच तुमची ‘तीन महिन्यांची साखर’, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. १६ भावंडांत ग्लुकोजचं कडं सर्वांत स्थिर, त्याचे सगळे जड गट बाहेर पसरलेले, म्हणून ते सर्वांत कमी उघडतं आणि सर्वांत कमी चिकटतं. कदाचित याच गुणामुळे सजीवांनी त्याची निवड केली असावी, असा तर्क बन आणि हिगिन्स या संशोधकांनी १९८१ मध्ये मांडला. मला तो पटतो. आकड्यांबद्दलचा सल्ला मात्र तुमच्या डॉक्टरांचा.

प्रश्न : मी ‘ओ’ गटाचा रक्तदाता आहे. रक्तगट साखर ठरवते असं तुम्ही लिहिलंत. मग ‘ओ’ म्हणजे शून्य, माझ्या पेशींवर साखर नाहीच का? (नियमित रक्तदाता)

उत्तर : आहे, भरपूर आहे. तांबड्या पेशीच्या बाहेर शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या शेवटाला फ्युकोज नावाची शर्करा बसली की ‘एच’ ही खूण तयार होते, आणि तुमचा गट तिथेच थांबतो. ‘बी’ गटात तिच्याजवळ आणखी एक गॅलॅक्टोज बसतं. ‘ए’ गटात बसतं तेही गॅलॅक्टोजच, फक्त त्याच्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिलऐवजी नायट्रोजनचा एक गट. या दोन शर्करा बसवणारी विकरं ३५४ अमिनो आम्लांची, आणि त्यांच्यात फरक आहे चार अमिनो आम्लांचा. चुकीचं रक्त चढलं की माणूस दगावू शकतो तो एवढ्यावरून. लँडस्टायनर यांनी १९०१ साली गट सांगितले तेव्हा ही खूण साखरेची आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शून्याच्या अधिक जवळ जाणारी माणसं वेगळीच आहेत. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत असं रक्त नोंदवलं ज्यात ‘एच’ खूणच नव्हती. तोच हा बाँबे गट. नेहमीच्या तपासणीत ते रक्त ‘ओ’सारखंच दिसतं. पण या माणसांच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्धची प्रतिपिंडं असतात, म्हणून त्यांना तुमचं रक्तसुद्धा चालत नाही, त्यांच्यासारख्याच दुसऱ्याचं लागतं. साखळ्या त्यांच्याही पेशींवर आहेत, नाही ते शेवटचं फ्युकोज.