गावात पहिलं वचन सांगण्याआधी

बाबू, पुढच्या रविवारी तू पहिल्यांदा वचन सांगणार, म्हणजे बायबलवर उपदेश करणार. समोर दिवसभर कापूस वेचून थकलेली माणसं असतील. आधी त्यांचं ऐक.

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, त्याचा सतरावा अध्याय सावकाश वाच. अथेन्समधल्या मूर्ती पाहून प्रेषित पौलाचा जीव तळमळला, पण अरियपगात, म्हणजे तिथल्या सभेत, तो त्यांच्याच कवीची ओळ घेऊन बोलला आणि शेवटी येशूच्या पुनरुत्थानावर, मेलेल्यांतून उठण्यावर, आला. पुनरुत्थान गाळलंस तर उरेल ते नुसतं गोड भाषण.

१९७४ चा लोझान करारही वाच, जगभरच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी सुवार्ता सांगण्याविषयी केलेला. त्यात म्हटलंय: माणूस देवाची निर्मिती, म्हणून त्याच्या संस्कृतीत सौंदर्य आहे. तो पतित, म्हणून तिला डागही आहे. हे मिशनऱ्यांच्या संस्कृतीलाही लागू बरं का! सुवार्तेसोबत परकी संस्कृती पुष्कळदा लादली गेली, हे तो करारच कबूल करतो.

आपल्या नागपुरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले. त्यांनी गोंडांची भाषा, गाणी, चालीरीती टिपून ठेवल्या. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. म्हणून ढोलक-खंजिरी बिनधास्त घे.

बौद्ध शेजाऱ्यांकडे गेलास तर १९५६ ची दीक्षा त्यांच्यासाठी काय आहे, ते विचार. मी तरुणपणी न विचारताच उपदेश केला होता. एका आजीनं उठून दार लावलं. ते अजून सलतं. आपल्या मंडळीतही जात उरली आहे, हे कुणी म्हटलं तर नाकारू नकोस.