इंटरकूलर घ्या, पण क्रेडिट कार्डावर नको

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. माझ्या 1994 च्या माझदा मियाता गाडीला आधीच्या मालकाने रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) बसवलाय. बूस्ट, म्हणजे त्याने वाढवलेला दाब, 6 पीएसआय; ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही. उन्हाळ्यात थंडरहिलच्या ट्रॅकवर काही फेऱ्यांतच गाडी मंदावते. इंटरकूलर, पाइपिंग आणि नवं ट्यूनिंग मिळून 3,500 डॉलर सांगितलेत. बचतीला हात न लावता कार्डावर घेऊ का?

उत्तर: हा खर्च मी उधळपट्टी म्हणणार नाही. हवा दाबली की तापते. तुमच्या बूस्टला 30 अंश सेल्सिअसची हवा इंजिनात शिरेपर्यंत 85 च्या घरात जाते. इंटरकूलरने ती 50 वर आणली तर त्याच जागेत साधारण दहा टक्के जास्त हवा मावते. त्यातला थोडा फायदा इंटरकूलरमधून जाताना दाब घटल्याने जातो. माझ्या दृष्टीने ताकदीपेक्षा नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनाला बसणारे हादरे) टळणं जास्त मोलाचं. नॉकिंग रोखण्याची पेट्रोलची क्षमता ऑक्टेनमध्ये मोजतात, आणि कॅलिफोर्नियाच्या पंपांवर प्रीमियम म्हणजे बहुतेक ठिकाणी 91 ऑक्टेनच. तेवढ्यावर, तापलेल्या हवेत पिस्टन गेला तर इंजिन उघडावं लागेल.

पण कार्डाचं गणित बघा. व्याज 24 टक्के धरलं आणि दरमहा 150 डॉलर भरले, तर फेडायला 32 महिने लागतात आणि सुमारे साडेबाराशे डॉलर नुसतं व्याज जातं. गाडी विकताना असल्या सामानाचे पैसे फारसे वसूल होत नाहीत. त्यापेक्षा दरमहा 350 बाजूला टाका, दहा महिन्यांत रक्कम रोख उभी राहील. तोवर भर उन्हाळ्यातले ट्रॅकचे दिवस सोडा. त्यांची फी, टायर आणि ब्रेक पॅडचे पैसेही त्याच खात्यात टाका. अडीअडचणीसाठी ठेवलेली बचत तशीच राहू द्या, तिथे तुमचं बरोबर आहे.

पैसे देण्याआधी मोजमाप करून घ्या. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर सुपरचार्जरच्या आधी असेल तर खरी उष्णता दिसणारच नाही. त्याच्या पुढे एक सेन्सर बसवून ट्रॅकवरचे आकडे बघा. कदाचित दोष रेडिएटरचा निघेल आणि बिल बरंच कमी होईल.

कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी होणाऱ्या स्मॉग (गाडीच्या धुराच्या) तपासणीत बॉनेटखालचे बदलही पाहतात. सुपरचार्जरला कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) मंजुरी क्रमांक आहे का आणि त्या मंजुरीत इंटरकूलर बसतो का, हे दुकानदाराकडून लेखी घ्या. बसत नसेल तर मात्र हा खर्च करू नका, सुपरचार्जरवर बूस्ट कमी करणारी मोठी पुली (पट्ट्याचं चाक) लावा.